मॉडेल रॉकेटची बॉडी कॅडमध्ये डिझाइन करायची आहे. नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, फ्रीकॅड या संगणकावर आराखडा काढायच्या (कॅड) मोफत सॉफ्टवेअरमध्ये ब्रॅकेट आणि फ्लँज करून झालेत, पण रॉकेट म्हटल्यावर एक सिलिंडर काढून त्यावर शंकू ठेवला की पुढे काय करायचं ते सुचत नाही. अडचण सॉफ्टवेअरची नाही. रॉकेटचा बाहेरचा आकार आतल्या सामानावरून ठरतो, आणि आत काय बसवायचं हे अजून ठरलेलं नाही.

म्हणून आधी मोटर, म्हणजे रॉकेटला ढकलणारी इंधन भरलेली नळकांडी, ठरवा. लहान मॉडेल रॉकेटांत सर्रास वापरली जाते ती १८ मिमी व्यासाची, ७० मिमी लांबीची मोटर. तिच्यावर सी६-५ असं काही छापलेलं असतं. सी म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या टप्प्यात, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि ५ म्हणजे इंधन संपल्यावर ५ सेकंदांनी पुढच्या बाजूला एक छोटा बार उडतो, तो नाक ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. आता नळीच्या आत खालून वर काय काय लागणार ते कागदावर मांडा: मोटर, तिला मधोमध धरणाऱ्या दोन रिंगा, बारापासून पॅराशूट जळू नये म्हणून मधला न पेटणारा कागद, घडी घातलेलं पॅराशूट, आणि नाकाचा आत शिरणारा भाग. या सगळ्यांची बेरीज म्हणजे नळीची कमीत कमी लांबी. पहिल्या रॉकेटला ३०० मिमी नळी घ्या, पॅराशूट कोंबावं लागत नाही.

नळी थ्रीडी प्रिंट करू नका. कागदाची नळी हलकी असते, आणि पडली तर चेपते, कुणाला लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात २५ मिमीचा कन्ड्युट पाइप मिळतो, हा आकडा त्याच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. त्यावर आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळा, मग ब्राउन पेपर फेविकॉल लावून घट्ट गुंडाळत जा. वाळल्यावर पाइप ओढून काढा आणि व्हर्नियरने आतला-बाहेरचा व्यास तीन-चार ठिकाणी मोजा. कॅडमध्ये जायचं ते हे मोजलेलं माप. समजा बाहेरून २६.४ आणि आतून २५ मिमी भरलं, तर फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये या दोन आकड्यांना नावं द्या आणि पुढची सगळी मापं त्यांच्यावरूनच काढा. दुसरी नळी अर्धा मिलिमीटर जाड झाली तर एक आकडा बदलून नाक, रिंगा, पंख सगळं आपोआप जुळतं. माझ्या मते कॅडचा खरा फायदा हाच आहे.

नाकासाठी अर्धं प्रोफाइल (बाजूची बाह्यरेषा) काढून रिव्हॉल्व्ह करा, म्हणजे मधल्या अक्षाभोवती फिरवा. सरळ रेषेचा शंकू नको. ओजाइव्ह घ्या, म्हणजे वर्तुळाचा कंस. त्या वर्तुळाचा केंद्रबिंदू नाकाच्या पायथ्याच्या रेषेवर बांधा, की कंस नळीला कोपरा न करता मिळतो. नाकाच्या पायथ्याची त्रिज्या R आणि नाकाची लांबी L असेल तर कंसाची त्रिज्या (R² + L²) ÷ 2R. आपल्या बाबतीत १३.२ आणि ८० वरून ती २४९ मिमी येते. आकडा भरावा लागत नाही, बंधनं नीट दिली की तोच येतो आणि स्केच हिरवं होतं, पण एकदा ताडून बघा. नाकाचा आत शिरणारा भाग २४.७ मिमी व्यासाचा आणि साधारण २५ मिमी लांब ठेवा. ०.२ ते ०.३ मिमीची ही फट प्रत्येक प्रिंटरवर थोडी वेगळी लागते, म्हणून आधी नुसती १० मिमी उंचीची रिंग छापून बघा. नळी उलटी धरून हलकेच हलवल्यावर नाक पडू नये, पण दोन बोटांनी ओढलं की सहज निघावं. घट्ट बसलेलं नाक बाराला हटत नाही, आणि मग पॅराशूट आतच राहतं.

पंखांपाशी जरा थांबा, नवशिक्यांचं डिझाइन बहुतेक वेळा इथेच बिघडतं. पायाशी ६० मिमी, टोकाशी ३० मिमी आणि ४० मिमी उंच असा समलंब पंख धरू, जाडी २ मिमी. त्याचं घनफळ ३.६ घन सेंमी. थ्रीडी प्रिंटरच्या पीएलए प्लास्टिकची घनता १.२४, म्हणजे एक पंख साडेचार ग्रॅमच्या आसपास, तीन मिळून १३ ग्रॅमच्या पुढे. तेच पंख बाल्सा लाकडाचे केले (घनता सुमारे ०.१६) तर तिन्ही मिळून पावणेदोन ग्रॅम भरतात. जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅमच्या रॉकेटच्या शेपटीत ११ ग्रॅम जास्त आले, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. स्क्रीनवर दोन्ही मॉडेलं तंतोतंत सारखी दिसतात. हवेत एक सरळ जाईल आणि दुसरं कदाचित गटांगळ्या खाईल.

कारण असं: हवेचा बाजूचा दाब ज्या बिंदूपाशी एकवटतो ते दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असायला हवं, आणि अंतर नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट हवं. आपल्या नळीला २६ ते ५३ मिमी. गुरुत्वमध्य मोटर भरलेली असतानाचा धरायचा. अंतर फारच वाढलं तर वारा जिकडून येतो तिकडे रॉकेट कलतं. जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात दाबकेंद्र काढण्याची समीकरणं मॉडेल रॉकेटवाल्यांच्या हातात दिली, आणि तीच पद्धत वाढवून ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. सांपो निस्कानेन यांनी ते हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी २००९ मध्ये केलं होतं. कॅड उघडण्याआधी आराखडा यात करा: नाक, नळी, पंख, मोटर टाका, स्थैर्याचा आकडा (वरचं अंतर व्यासाच्या किती पट ते) बघा, पंखांचे आकार बदलून तो एक ते दोनमध्ये आणा, आणि तीच मापं फ्रीकॅडला न्या. भाग तयार झाले की तराजूवर तोलून खरी वजनं पुन्हा ओपनरॉकेटमध्ये भरा. आकडा कमी पडला तर नाकात थोडी क्ले भरा किंवा नळी लांबवा.

पंख छापायचेच असतील तर एक पंख काढून पोलर पॅटर्नने (अक्षाभोवती सारख्या अंतरावर प्रती काढून) तीन करा, आणि पाया नळीवर चढणाऱ्या रिंगेत अर्धा मिलिमीटर आत घुसवा. सपाट पाया गोल पृष्ठभागाला नुसता टेकवला तर कडेला बारीक फट राहते आणि सॉलिड एक होत नाही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे मोटरला चिकटून त्याचा भाग नको. बाल्साचे पंख केले तर लाकडातल्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा.

आता उडवण्याबद्दल. भारतात अशा मोटरींना स्फोटकांचे नियम लागू होतात, कुरियरने मागवायची ही वस्तू नाही. पोटॅशियम नायट्रेट आणि साखर घेऊन घरी इंधन करायच्या भानगडीत कृपया पडू नका, त्यात बोटं आणि डोळे गेले आहेत. कॉलेजमार्फत, जाणत्या लोकांच्या देखरेखीखालीच उडवा. तोवर हेच नाक आणि हेच पंख कोल्ड्रिंकच्या पेट बाटलीच्या मापाचे करून पाण्याचं रॉकेट उडवता येतं, स्थैर्याचा नियम तिथेही तोच. फक्त दाब धरणारा भाग बाटलीच असू द्या, छापलेला नको.

ओपनरॉकेटमधून आलेली लांबी, पंखांची मापं आणि तोललेली वजनं इथे खाली लिहा. आकडा एकच्या खाली येत असेल तर काय बदलायचं ते बघून सांगतो.