बारा तांब्याचे साचे एकदम मागवू नका

तुमच्याकडे ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, त्यात मादलेन, फिनान्सिए आणि कानले हे तिन्ही छोटे फ्रेंच केक करायचेत. मग तांब्याचे बारा साचे मागवावेत, की सिलिकॉनच्या एका ट्रेवर भागेल, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : दोन्ही नको.

फिनान्सिएचं आधी उरकते. सोन्याच्या विटेसारखा त्यांचा आकार दिसायला छान, पण चवीला त्याने काही फरक पडत नाही. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा आणि खमंग होईपर्यंत तापवलेलं लोणी; घोळातच इतका स्निग्धांश असतो की सहसा चिकटत नाही. घरातला छोट्या मफिनचा ट्रे काढा आणि सुरू करा.

मादलेनला मात्र शिंपल्याच्या आकाराचे खळगे असलेलाच ट्रे हवा, आणि तो धातूचाच. तिच्या पाठीवरचा उंचवटा येतो तो कडा आधी धरल्यामुळे. कडा घट्ट होतात, मधला थंड घोळ मागाहून फुगतो आणि त्याला वर जाण्यावाचून जागा नसते. सिलिकॉनमध्ये कडा वेळेवर धरत नाहीत, खाचांची धार उमटत नाही, हाती येतो तो फिकट, मऊ केक. मी साधा, कोटिंग नसलेला ॲल्युमिनियमचा ट्रे वापरते. काळा नॉनस्टिक घेतलात तर तापमान १०-१५ अंशांनी कमी ठेवा, कारण गडद धातू उष्णता जास्त ओढतो आणि उंचवटा येण्याआधीच शिंपल्याची बाजू करपते. नॉनस्टिक असला तरी खाचांत ब्रशने लोणी लावायचं, वर मैदा भुरभुरायचा, ट्रे उलटा करून ठोकायचा.

आणि विकत घेण्याआधी ओव्हन आतून मोजा! बारा शिंपल्यांचे बरेच ट्रे ४० सेंमीच्या आसपास लांब असतात. मी पहिला ट्रे हौसेने आणला, तो दारातच अडकला. अजून माळ्यावर आहे. सहा-आठ शिंपल्यांचा घ्या, चारी बाजूंना दोन बोटं हवा खेळायला जागा ठेवा.

आता कानले. फ्रान्समधल्या बोर्दोचा हा पदार्थ म्हणजे बाहेरून जवळजवळ काळपट, कुरकुरीत कवच आणि आत खरवसाच्या जवळ जाणारा ओलसर मऊपणा, रम आणि व्हॅनिलाच्या वासाचा. इथे साच्याचा धातू खरोखरच चवीत उतरतो. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये मोजतात : तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३५, साध्या पोलादाची ५०, स्टेनलेसची १५. सिलिकॉनची ०.२ च्या आसपास. सिलिकॉनचे कानले माझ्याकडे कधी कुरकुरीत झाले नाहीत, ते या आकड्यांत बसतं.

तरीही सुरुवातीला ॲल्युमिनियमचे जाड, पन्हाळीदार साचे घ्या. चार पुरे. चार-पाच खेपांनंतर नाद टिकला तर तांब्याचे घ्या, तेही चारच. पारंपरिक साचा साडेपाच सेंमी व्यासाचा असतो. स्वस्तात ‘तांबे’ म्हणून मिळणारे साचे नीट पारखा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने तांब्याच्या रंगाचं ॲल्युमिनियम पाठवलं होतं. चुंबक इथे कामाचा नाही, कारण दोन्ही धातू चिकटत नाहीत. साचा हातात तोलून बघा. तेवढ्याच आकारमानाचं तांबं तिपटीहून जड लागतं.

तांब्याच्या साच्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर असतो, आपल्या आजीच्या पातेल्यांना असायची तीच. आणि कथील २३२ अंशांना वितळतं. हे मला पाठ होतं, तरी एकदा दोन साचे रिकामेच तापायला ठेवून मी फोनवर बोलत बसले. बाहेर काढले तर आत चांदीचे मणी जमलेले आणि मध्ये उघडं तांबं. भरलेल्या साच्यात हे होत नाही, घोळातलं पाणी धातूला तितकं तापू देत नाही. मग कल्हईवाला शोधला. त्याने सांडशीत साचा धरून भात्यावर फुलवलेल्या निखाऱ्यांत तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कथील टेकवलं आणि काडीला गुंडाळलेला कापूस पन्हाळीपन्हाळीतून फिरवला. “एवढ्याशा भांड्यात शिजवता काय?” असं विचारून वर हसलासुद्धा. कथील मी माझं नेलं होतं, शुद्ध असल्याची खात्री करून. भेसळीत शिसं असू शकतं, तिथे काटकसर नको.

साच्याला आतून लावायचं ते मधमाशांचं मेण आणि साजूक तूप, वजनाने निम्मं-निम्मं. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, म्हणून साचे कोमट करून घ्या, मिश्रण ओतून लगेच परत ओता आणि साचे जाळीवर पालथे घाला. साच्याच्या तळाशी थर साचला की उलटून काढलेल्या कानलेच्या डोक्यावर पांढरं टक्कल पडतं. टक्कल पडायचं दुसरं कारण म्हणजे घोळात शिरलेली हवा : कानले फुगून तळ सोडतो, आणि जिथे धातू टेकत नाही तिथे रंग येत नाही. म्हणून घोळ फेटायचा नाही, नुसता ढवळायचा, निदान २४ तास फ्रिजमध्ये ठेवायचा. ओटीजीत सगळ्यात खालच्या रॅकवर, २३० अंशांना दहा-बारा मिनिटं, मग १८० ला पाऊण तास ते एक तास. डायलवर विश्वास ठेवू नका. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घ्या. माझा ओटीजी २३० म्हणतो तेव्हा आत २०५ असतात.

साचे साबणाने घासू नका, गरम असतानाच कोरड्या फडक्याने आतून पुसा. चिंच-मीठ लावायचंच असेल तर फक्त बाहेरून. माझे साचे बाहेरून केव्हाच काळवंडलेत.

ओटीजीची आतली रुंदी आणि खोली मोजून सांगा, मग मादलेनचा ट्रे कोणता बसेल ते बघू.