प्रेडनिसोलोन एकदम बंद केली तर चालेल का?

आईला संधिवातासाठी सहा महिने रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे, आता शुगर वाढली, तर गोळी उद्यापासून बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. सोलापुरात पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच, पण कारण मी सांगू शकतो.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, पहाटे सगळ्यात जास्त. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एसीटीएच नावाचं इशारा देणारं संप्रेरक आलं तरच त्या काम करतात. गोळीतून स्टिरॉइड मिळत राहिलं की एसीटीएच येणं थांबतं आणि ग्रंथी आक्रसतात. तीन आठवड्यांच्या वर गोळी चालली की हे झालंय असंच धरून चालायचं. त्या पुन्हा पूर्ववत व्हायला कधी कधी कित्येक महिने जातात. साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे शरीराची रोजची गरज, म्हणून तिथपर्यंत आल्यावर डॉक्टर आणखी सावकाश, थोडी थोडी कमी करतात.

एकदम सोडली तर गळून गेल्यासारखं होतं, चक्कर येते, मळमळतं, बीपी उतरतं. आपल्याकडे मे महिन्यात याला सरळ "ऊन लागलं" म्हणतात आणि लिंबूसरबत देऊन झोपवतात. तिथेच जीव धोक्यात येतो.

दुकानात विड्या वळणाऱ्या बायका येतात. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की पानं कापायला कात्री धरवत नाही. ही गोळी घेतली की दोन-तीन दिवसांत हात चालू लागतो. म्हणून काहीजणी रिकामी स्ट्रिप दाखवून परस्पर मागतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. गोळीचा आकार बघून तर कधीच ठरवू नका: डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टिरॉइडची ०.७५ मिलिग्रॅम ही प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमएवढी जोरकस असते.

शुगरबद्दल एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. गोळी सकाळी घेतली तर साखर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची नॉर्मलसुद्धा येऊ शकते. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. मेथोट्रेक्सेटसारखं, संधिवात मुळात आटोक्यात ठेवणारं औषध चालू आहे का, तेही विचारा. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण तो आला की स्टिरॉइड उतरवणं सोपं जातं. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

तोवर गोळी सकाळी, काहीतरी खाऊन. ताप आला तर डोस वाढवावा लागू शकतो, डॉक्टरांना लगेच फोन करा. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन लागतं. घरी वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि आत शिरताच सांगा की आई सहा महिन्यांपासून स्टिरॉइडवर आहे.