25 किलोंचा फरक

प्रश्न : माझं वय 23, वजन 58 किलो. आमच्या उसाच्या रानाकडेला मुरमाचा छोटा ट्रॅक केलाय. आता कावासाकी केएक्स 250 घ्यायचा विचार आहे. परदेशी रिव्ह्यूंमध्ये सस्पेन्शन एकदम मऊ असल्याचं वाचलं. पण ओळखीच्या एका रायडरनं ती चालवली आणि म्हणाला, "पुढचा शॉकअप दगड आहे, दहा मिनिटांत हात भरतात." खरं कुणाचं? आणि गाडी कागलहून कोल्हापूरला चालवत आणता येईल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : चालवत आणता येणार नाही. ती निव्वळ ट्रॅकची गाडी आहे. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाहीत, आरटीओ पासिंग होत नाही. दर वेळी छोटा हत्ती सांगायचा आणि पट्टे आवळून न्यायची. तो खर्च आधीच हिशेबात धरा.

आता शॉकअपचं. दोघंही खरंच सांगताहेत. रिव्ह्यू वाचताना मी गाडीचं कौतुक नंतर वाचतो, लिहिणाऱ्याचं वजन आधी शोधतो. समजा तो 83 किलोंचा आहे. त्याच्या आणि तुमच्या वजनात 25 किलोंचा फरक, आणि स्प्रिंग तीच. त्याच्याखाली ती छान दबते, तुमच्याखाली निम्म्यातच अडते. 250 सीसीच्या गाडीला कारखान्यातून येणारी स्प्रिंग साधारण 70-75 किलोंचा रायडर धरून असते. ओळखीच्या त्या रायडरचं वजन विचारलंत का? तेही हलके असतील तर त्यांचं मत तुमच्या जास्त कामाचं.

दुसरी गोष्ट माती. अमेरिकेतल्या बऱ्याच चाचण्या कॅलिफोर्नियात ग्लेन हेलनसारख्या ट्रॅकवर होतात. तिथं ट्रॅक्टरनं माती उकरून पाणी मारलेलं असतं. आपल्या तालमीतला हौदा खोऱ्यानं खणून भुसभुशीत करतात ना, तशी ती माती. तुमचा मुरूम उन्हात सिमेंटसारखा होतो. त्यावरचा खडा फोर्कला, म्हणजे पुढच्या शॉकअपला, एकदम ठोसा देतो, तो हळू दबायला वेळच मिळत नाही.

हे मी हाड मोडून शिकलोय. विशीत असताना एका परदेशी मासिकातले क्लिकचे (शॉकअप किती पटकन दबावा-उसळावा हे ठरवणाऱ्या स्क्रूचे) आकडे जसेच्या तसे माझ्या फोर्कला लावले आणि वडणग्याच्या माळावर गाडी काढली. तिसऱ्याच उडीनंतर पुढचं चाक उसळलं, कॉलर बोन गेलं, दीड महिना हात गळ्यात. आकडे चुकीचे नव्हते, दुसऱ्याचे होते. म्हणून उद्यमनगरात माझ्याकडे कुणी छापील सेटिंग घेऊन आलं की आधी मी मापाची टेप काढतो.

ती टेप तुम्हीही काढा. पैसे देण्याआधी कुणाची तरी केएक्स तासभर मागून घ्या, बरोबर दोन माणसं न्या. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर पेननं खूण करा. अ‍ॅक्सल ते खूण हे अंतर तीनदा मोजायचं. गाडी स्टँडवर, चाक लोंबतं असताना पहिलं माप. स्टँड काढून गाडी नुसती उभी धरून दुसरं. बूट-हेल्मेट घालून तुम्ही बसा, दोन्ही पाय फुटपेगवर, एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं तिसरं माप घ्यायचं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की 100 ते 105 मिलिमीटर यायला हवेत. कमी आले तर मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, सैल करत तिथपर्यंत आणा. मग पहिल्यातून दुसरं वजा करा. 30-40च्या बरंच वर गेलं, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानंच जास्त बसली, तर ती स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. अशा वेळी पुढच्या स्प्रिंगाही बहुतेक बदलाव्या लागतात. क्लिक फिरवून हे सुटत नाही, कृपा करून त्यात महिने घालवू नका.

नव्या फोर्कचे सील पहिले तीन-चार तास घट्टच असतात, तेही त्या ओळखीच्या रायडरला विचारून घ्या : गाडी तेव्हा किती तास चाललेली होती? बहुतेक रिव्ह्यू एका दिवसाचे असतात. मला 20 तास चालवलेल्या माणसाचं मत जास्त मोलाचं वाटतं. त्याला क्लचप्लेट, स्पोक, व्हॉल्व्ह क्लिअरन्स असं सगळं विचारा. आणि फोमचा एअर फिल्टर किती दिवसांनी धुतो हे नक्की विचारा. आपल्या फुफाट्यात तो दर सरावानंतर धुऊन तेलात बुडवून बसवावा लागतो.

टेपची तिन्ही मापं घेतलीत की मला कळवा. कोणती स्प्रिंग लागेल ते पुढच्या अंकात सांगतो.