केबल बसली, डिस्क गेल्या. चूक कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बदलला, जुन्या सप्लायच्या केबल डब्याच्या मागून नीट ओढलेल्या होत्या म्हणून तशाच नव्याला जोडल्या, बटण दाबलं आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. कंपनी म्हणते चूक तुमची, घरचेही तेच म्हणतात. खरं काय?

माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष बनवणाऱ्यांचा. मॉड्युलर सप्लायच्या (ज्याच्या केबल सुट्या निघतात) केबलचं मदरबोर्डकडचं किंवा डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं. सप्लायकडच्या टोकाला मात्र कसलंच सर्वमान्य प्रमाण नाही. कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही ते बदलू शकतं. प्लग मात्र तोच सहा पिनांचा, खटकन बसणारा. बाकी सगळ्या मशीनमध्ये ‘बसतंय म्हणजे बरोबर आहे’ हे आपल्याला कंपन्यांनीच शिकवलं, आणि नेमकं इथे ते लागू नाही!

तुमच्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाइनवर बहुधा १२ आले. डिस्कच्या बोर्डावर पॉवरच्या पिनांजवळ साधारणपणे दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ चा, एक १२ चा. जास्त व्होल्टेज आलं की डायोड स्वतः शॉर्ट होऊन पुढचं सर्किट वाचवतो. तो शॉर्ट दिसताच सप्लाय स्वतःला बंद करतो, म्हणून योग्य केबल लावूनही मशीनचा पंखा जरासा हलून थांबतो आणि डिस्क काढली की मशीन चालू होतं. डिस्क सुटी करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. डायोडवर प्रोब उलटसुलट लावून दोन्ही वेळा बीप आला तर तो गेलाय. तेवढा डायोड काढला की डिस्क पुष्कळदा उठते. पण आता संरक्षण उरलेलं नाही, तेव्हा डेटा उतरवून घ्या आणि ती डिस्क निवृत्त करा. तसल्याच डिस्कचा बोर्ड आणून लावणं सहसा फुकट जातं, कारण त्या विशिष्ट डिस्कची मोजमापं बहुधा बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतात. ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

हे टाळायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. मशीनमधलं काहीही न जोडता २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार (सगळ्या काळ्या असतील तर १६ नंबरची पिन) शेजारच्या १७ नंबरच्या ग्राउंडला वायरच्या तुकड्यानं जोडायची, सप्लाय चालू होतो. मग साटाच्या टोकावर (डिस्कला लागणाऱ्या पॉवरच्या प्लगवर) ७ ते ९ पिनांवर ४.७५ ते ५.२५ आणि १३ ते १५ वर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. हे मोजलं नाही, एवढा दोष तुमचा. ‘केबल सगळ्या सारख्याच’ असं कुणी सांगितलं असेल तर त्याचा तुमच्याहून जास्त.

आणि ‘जाणकाराकडे न्यायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. ओढलेल्या केबल उपसायचा कंटाळा जाणकारालाही येतोच, फक्त त्याची चूक तुम्हाला दिसत नाही. अर्थात लॅपटॉपची बॅटरी न काढता स्क्रीनची केबल ओढली आणि बॅकलाइटचा फ्यूज उडाला, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना वाकवल्या, तर तिथे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवू नका.

राहिलेलं: एसएसडी असती तर डायोडची ही युक्ती क्वचितच चालते, कंट्रोलरच (तिची मुख्य चिप) जळतो. डिस्कवर एकमेव प्रत असेल तर पुन्हापुन्हा पॉवर देऊन बघू नका, स्वतः हात न लावता ती डेटा काढून देणाऱ्याकडे द्या (हो, इथे जाणकारच). आणि खुद्द सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर उरलेले असू शकतात.