अडीच महिन्यांच्या थंडीसाठी ठेव मोडायची का?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूच्या एका ताईंचं पत्र आलंय. अडीच एकर भात-रताळ्यांची जमीन, दोन संकरित गाई, एक म्हैस. डेअरीचं महिन्याचं बिल साधारण 13,000. पेंड, चारा, औषधं वजा जाता हातात 5,500 उरतात. गेल्या जानेवारीत पंधरा दिवसांची कालवड न्यूमोनियाने गेली आणि सासूबाईंचा खोकला संक्रांत उलटली तरी हटेना. म्हणून यंदा गोठा चारही बाजूंनी विटांनी बांधून वर नवा पत्रा घालायचा (अंदाज 1,80,000) आणि 200 लिटरचा सोलर हीटर बसवायचा (38,000) असा बेत आहे. एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली पतसंस्थेसारखी सहकारी संस्था) 2,60,000 ची ठेव आहे, ती जूनमध्ये पिकते. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. ताई विचारतात, ठेव मोडू की पाटल्या गहाण ठेवू?

ताई, दोन्ही नको. आधी थंडी किती दिवसांची ते बघू. आपल्याकडे खरा कडाका डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे 75 दिवस. थंडीत दूध दिवसाला दीड लिटरने उतरतं असं तुम्ही लिहिलंय. लिटरला 36 रुपये धरले तर सगळ्या हंगामाचं नुकसान चार हजारांच्या आसपास. तेवढं वाचवायला 1,80,000 घातले तर ते वसूल व्हायला 45 वर्षं लागतील. सोन्यावर कर्ज काढलंत आणि व्याज 12 टक्के पडलं, तर 2,18,000 वर नुसतं व्याजच महिन्याला 2,180 होतं. मुद्दल तसंच राहतं आणि 5,500 मधले 3,300 घरात येतात. सरकारचे लिटरमागचे 5 रुपये उशिरा-लवकर जमा होतात, ते या हिशेबात धरू नका.

कालवडीचं नुकसान मात्र चार हजारांत मावत नाही, हे मान्य. पण ती पत्र्यापायी गेली असं मला वाटत नाही. संकरित मोठ्या गाईला 10-12 अंश सहज सोसतात, उलट एप्रिलचं ऊन तिला जास्त जाचतं. म्हैस थोडी नाजूक. थंडीचा खरा फटका बसतो तो लहान वासराला, आणि त्यातही ओल्या जमिनीवर, वाऱ्याच्या झोतात बसलेल्या वासराला. गोठा चारही बाजूंनी बंद केलात तर मुताचा उग्र वास आत कोंडेल आणि त्यानेच फुप्फुसं बिघडतील. पहाटे गोठ्यात जाऊन वासराच्या उंचीला खाली बसून बघा. डोळे चुरचुरले तर हवा अजून खेळती हवी. उभ्या माणसाला हे कळत नाही.

तेव्हा थंडीतलं वारं ज्या अंगाने येतं (आपल्याकडे बहुधा पूर्वेचं), त्या बाजूला जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा लावा, वरचा भाग मोकळा ठेवा. सकाळी ऊन आलं की पडदा गुंडाळून ठेवायचा. वासराच्या कोपऱ्यात मुरूम घालून उतार काढा, वर भाताचं पिंजर जाड अंथरा आणि ओलं झालं की त्याच दिवशी बदला. पिंजर तुमच्या घरचंच आहे. जुन्या पोत्यांची झूल शिवून घ्या. हे सगळं मजुरीसकट सहा-सात हजारांत बसतं.

दुधाच्या उतारावर तर जवळजवळ फुकटचा उपाय आहे. दुधात 87 टक्के पाणीच असतं, आणि रात्रभर हौदात गार पडलेलं पाणी गाय पोटभर पीत नाही. सकाळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी काढून पाजा, ते हौदातल्यापेक्षा कोमट असतं. दीड लिटरपैकी निदान काही तरी परत येईल.

आता सोलर. तो वाईट नाही, आणि आपल्याकडे थंडीत आभाळ स्वच्छ असल्याने तेव्हा तो चालतोही चांगला. तुमच्या बाजूला जून ते सप्टेंबर मात्र तो छतावर नुसता भिजत राहणार. शिवाय पाच माणसांना 200 लिटर कशाला? माणशी 15 लिटर कढत पाणी धरलं तरी 75 होतात, 100 लिटरचा पुरतो. पैशाचा हिशेब केला तर तोही यंदा नको, कारण बंबाला लाकूड तुमच्याच बांधावरचं आहे. पण बंबाचा धूर न्हाणीतून थेट सासूबाईंच्या खोलीत जातो असं तुम्हीच लिहिलंय, आणि पहाटे पाचला उठून जाळ घालणाऱ्याही तुम्हीच. त्याला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. यंदा बंब परसात हलवा. सासूबाईंपुरतं पाणी विजेच्या रॉडवर तापवा. 1,500 वॅटचा रॉड 40 मिनिटं चालला की एक युनिट जळतं, महिन्याला 30. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) तुमच्या मीटरला ठरवून दिलेल्या युनिटांवर जेवढे जातील तेवढ्याचेच पैसे भरायचे. 200 च्या वर गेलात तरच सगळं बिल अंगावर येतं. युनिटला 6 रुपये धरले तर अख्ख्या थंडीचे साधारण 450 रुपये. रॉड आयएसआय शिक्क्याचा घ्या, बादली प्लॅस्टिकची वापरा, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. हे घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा. खोकला मात्र एवढे दिवस रेंगाळत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, तिथे काटकसर नको.

रोजची 100 रुपयांची पिग्मी फेब्रुवारीत पूर्ण होते म्हणालात. ती हातात आली की 100 लिटरच्या सोलरचे पैसे त्यातून वेगळे ठेवा आणि ऑक्टोबरात बसवा. उरलेले घरातल्या अडीअडचणीला.

गोठ्याचा पत्रा खरंच गळत असेल तर ते काम पावसाळ्याचं आहे, थंडीचं नव्हे. एप्रिल-मेमध्ये करा, आणि तेही निम्म्या खर्चात, कारण भिंती उभारायच्या नाहीत. त्याआधी ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटून रोजगार हमीतल्या गोठ्याच्या अनुदानाचं सध्या काय आहे ते विचारा. मंजुरी मिळेपर्यंत एक वीटही हलवू नका. आधी काम उरकून मग अर्ज करणाऱ्यांची फाइल पुढे सरकत नाही.

ठेव कुठे असावी हे तुम्ही विचारलं नाही, तरी मला बोलायचंय ते त्याबद्दलच. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, सहकारी बँकांनाही ते लागू आहे. सौहार्द सोसायट्या आणि पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत. बेळगावकडच्या घराघरांत दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी शिल्लक अशा एकाच ठिकाणी पडलेली असते. तुमची सोसायटी बुडणार असं मी सुचवत नाही. पण मुलाच्या फीचे पैसे जिथे विमा नाही तिथे असू नयेत. मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापलं जाईल, म्हणून जूनपर्यंत थांबा. ठेव पिकली की 'रिन्यू करून टाका' असा आग्रह होईल, तो मोडून रक्कम बँकेतल्या खात्यात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजची फी भरा, उरलेल्याची एक वर्षाची ठेव बँकेतच करा. आणि आजच पावती काढून वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा.

दुसरी गाय जानेवारीच्या शेवटी विणार आहे असं पत्राच्या कडेला लिहिलंय. तिच्यासाठी पडदा आणि मुरूम डिसेंबरातच उरकून घ्या. वासरू पडल्याबरोबर कोरड्या पोत्याने खसाखसा पुसा आणि पहिल्या तासाभरात दोन-अडीच लिटर चीक पाजा. खरवसाची वाट बघणाऱ्या शेजारणींना दुसऱ्या दिवशी बोलवा.