टेपच्या कोणत्या बाजूला?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मोटार रॅलीला मार्शल, म्हणजे रस्त्याकडेची गर्दी सांभाळणारा माणूस, म्हणून नाव दिलंस, बरं केलंस. नाशिकला हा खेळ नवा नाही, ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ इथल्याच कच्च्या रस्त्यांवर धावलेली आहे. त्यामुळे गर्दी हौशी असते आणि स्वतःला जाणकार समजते. तुझी खरी गाठ त्या जाणकारांशी आहे.

आधी थोडं मागचं. 1955 साली फ्रान्समध्ये ले मान्सच्या शर्यतीत एक मर्सिडीज पुढच्या गाडीवर चढून उडाली आणि मातीच्या बुटक्या बांधावर आदळली. गाडी तिथेच फुटली, पण तिचे जड भाग गर्दीतून आरपार गेले. ऐंशीहून जास्त प्रेक्षक दगावले. दोनच वर्षांनी इटलीत मिले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत फेरारीचा टायर फुटला, रस्त्याकडेचे नऊ जण गेले, त्यात पाच मुलं. मग सर्किटवाले, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर शर्यती भरवणारे, शहाणे होत गेले. प्रेक्षक मागे सरकले, मधे खडीचे पट्टे, एकमेकांना बोल्टने बांधलेले टायर, उंच जाळ्या आल्या. मोनॅकोला 1967 मध्ये गवताच्या गाठींनी आग भडकवली, तेव्हा त्याही हळूहळू गेल्या. (आपल्याकडे डर्ट ट्रॅकला अजून कुठे भाताच्या पेंढ्याचे भारे रचलेले दिसले, तर शेजारी आग विझवायचं सिलिंडर आहे का ते आधी बघ.) 1999 पासून फॉर्म्युला वनमध्ये चाकं निखळून उडू नयेत म्हणून गाडीला दोरखंडाने बांधली जातात. तरी 2001 मध्ये मेलबर्नला तुटलेलं चाक कुंपणातल्या फटीतून गेलं आणि एक मार्शल गेला. ती फट मार्शलना ये-जा करायलाच ठेवलेली होती. तू उभा राहशील तिथे अशी फट कुठली, हे पहिल्यांदा शोध.

रॅलीत यातलं काहीच नसतं. वीस किलोमीटरच्या मुरमाड रस्त्याला जाळी कोण लावणार? 1986 साली पोर्तुगालच्या रॅलीत लोक रस्त्यातच उभे राहून धावत्या गाडीला हात लावायला बघत. त्यांना चुकवताना गाडी गर्दीत शिरली, तीन जण गेले. आजही तुझ्या हातात फक्त प्रेक्षकांपुढे ताणायची प्लास्टिकची टेप आहे. टेप गाडी अडवत नाही, ती माणसाला अडवते, तीही माणसाची इच्छा असेल तर.

आता वळणाचं. वळणाच्या बाहेरची बाजू सगळ्यात वाईट, कारण पकड सुटली की गाडी तिकडेच जाते. पण आतली बाजू सुरक्षित, हा समजही खोटा. ड्रायव्हर वळण कापतो, कडेचा दगड चाकाला लागतो, मग दगड उडतो किंवा गाडी आतच उलटते. टी जंक्शनला समोरचा सरळ रस्ता मोकळा हवा, ब्रेक चुकला की गाडी तिथे घुसणार. चढ संपून गाडी हवेत जाते, तिथे ती कुठे उतरेल ते ड्रायव्हरलाही नक्की ठाऊक नसतं. रस्त्यापेक्षा खाली, मोरीत किंवा नाल्यात तर कुणालाच उभं राहू देऊ नकोस. लोकांना चढाच्या बाजूला, निदान डोक्याएवढ्या उंचीवर, मागे पळायला वाट असलेल्या जागी बसव. ताशी 100 ची गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. मोबाइलवर शूट करणाऱ्याला ती पडद्यावर आहे त्याहून लांब दिसते, म्हणून त्याच्याकडे आधी लक्ष दे.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात दर दोन बांधांआड एक पाणंद रस्त्याला येऊन मिळते. नकाशात ती नसते. आदल्या दिवशी पायी फिरून मोज, आणि ज्याचं शेत असेल त्याला वेळ सांगून ठेव. स्टेज, म्हणजे रॅलीचा वेळ मोजून धावायचा टप्पा, सुरू असताना फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर आला तर चूक त्याची नसते.

स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासायला आयोजकांच्या गाड्या येतात: आधी ट्रिपल झिरो, मग डबल झिरो, मग झिरो गाडी जाईल. झिरो गेली की कुणीही रस्ता ओलांडायचा नाही. दोन गाड्यांमधे एखाद-दोन मिनिटांची शांतता असते, लोक तिथेच फसतात. गाडी येताना ऐकू आली की शिट्टी वाजव, दिसल्यावर उशीर होतो.

समोर गाडी उलटली तर धावू नकोस. आधी आलेल्या वाटेकडे बघ, मागची गाडी वाटेवर आहे. मागच्या गाड्यांना वेग कमी करायला सांगणारा पिवळा झेंडा हाताशी असला तरी कंट्रोलने, म्हणजे रॅलीच्या नियंत्रण कक्षाने, सांगितल्याशिवाय दाखवू नकोस, रेडिओवर गाडी नंबर, जागा आणि ड्रायव्हर, सहचालक दोघे बाहेर आलेत का एवढंच सांग. लाल त्रिकोण गाडीच्या निदान 50 मीटर आधी लागायला हवा, त्या दोघांनी लावला नसेल तर रस्त्याबाहेरून जाऊन तू लाव. ते दाखवतील ती ओके (सगळं ठीक) किंवा एसओएस (मदत हवी) पाटी बघ. पाटीच दिसत नसेल तर ती एसओएस धर. गाडी सरळ करायला धावणारे वीस जण असतील, त्यांना रोखणं हे तेव्हाचं सगळ्यात अवघड काम. गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो आणि सुकं गवत खाली.

सगळ्या स्पर्धकांमागून येणारी आयोजकांची शेवटची स्वीपर गाडी गेल्याशिवाय टेप सोडू नकोस, कितीही भूक लागली तरी.

तुझा,
काका

ता. क. चप्पल घालून येऊ नकोस. पाणी तीन लिटर घे, आणि शिट्टी गळ्यात बांध, खिशात नाही.