सेन्सर नसताना रोटरचा कोन कसा कळतो?

प्रश्न : माझ्या मोटरला फक्त तीन वायरी आहेत. रोटरची जागा सांगणारा हॉल सेन्सर नाही, एन्कोडरही नाही. मग ड्राइव्हला, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरला, रोटरचा (फिरणाऱ्या भागाचा) कोन कळतो कसा?

रोटरवरचे चुंबक फिरले की वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या वेटोळ्यांत) बॅक ईएमएफ, म्हणजे फिरण्यामुळे उपजणारे व्होल्टेज, तयार होते आणि रोटरचा कोन त्यातच दडलेला असतो. ती थेट मोजता येत नाही, कारण त्याच वायरींवर ड्राइव्हचे व्होल्टेज असते. म्हणून ऑब्झर्व्हर, म्हणजे ड्राइव्हमधला अंदाज बांधणारा हिशेब, वजाबाकी करतो : दिलेल्या व्होल्टेजमधून रेझिस्टन्स आणि इंडक्टन्सवर (करंट बदलायला वाइंडिंगचा होणारा विरोध) पडणारे व्होल्टेज काढले की उरते ती बॅक ईएमएफ. कोन १० अंशांनी चुकला तर टॉर्क जेमतेम दीड टक्का घटतो, ६० अंशांनी चुकला तर निम्माच उरतो. हे अंश इलेक्ट्रिकल (चुंबकाच्या एका उत्तर-दक्षिण जोडीला एक फेरा धरून मोजलेले), शाफ्टवरचे नव्हेत.

प्रश्न : पंखा छान सुरू होतो. त्याच मोटर-ड्राइव्हवर कन्व्हेयर जोडला की मोटर थरथरते, कधी उलटा हिसका देते. ड्राइव्ह बिघडला आहे का?

बहुधा नाही. थांबलेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ शून्य असते, म्हणजे वजाबाकी करून हाती काहीच लागत नाही. म्हणून ड्राइव्ह आधी ठरावीक दिशेने करंट देऊन रोटरला तिकडे ओढतो. रोटर नेमका कुठे होता हे माहीत नसल्याने उलटा हिसका तेव्हाच बसतो. मग ड्राइव्ह चुंबकीय क्षेत्र हळूहळू फिरवतो आणि रोटर त्याच्या मागोमाग येतोय असे गृहीत धरतो. पंख्याचा भार वेगाच्या वर्गानुसार वाढतो, सुरुवातीला नगण्य असतो, म्हणून हे गृहीतक खपून जाते. कन्व्हेयर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण भार टाकतो आणि रोटर मागे राहतो.

सुरुवातीचा करंट वाढवा, वेगवाढ मंद करा. भार दरवेळी वेगळा असेल तर मात्र ही मलमपट्टी टिकत नाही. तिथे मी हाय फ्रिक्वेन्सी इंजेक्शनचाच आग्रह धरीन. चुंबक रोटरच्या पोटात बसवलेले असतील तर चुंबकाच्या दिशेने इंडक्टन्स कमी आणि तिच्या काटकोनात जास्त असतो. ड्राइव्ह काहीशे ते एक-दोन हजार हर्ट्झचे छोटे व्होल्टेज मिसळतो आणि करंट कोणत्या दिशेने जास्त हलतो ते पाहतो. पद्धत सुंदर आहे, कारण मोटर उभी असतानाही ती उत्तर देते. पण इंडक्टन्सचा हा चढउतार एका इलेक्ट्रिकल फेऱ्यात दोनदा येतो, त्यामुळे उत्तर ध्रुव की दक्षिण, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी चुंबकाच्या अक्षावर उलट-सुलट दोन पल्स देतात : ज्या पल्सने चुंबकाच्या फ्लक्समध्ये भर पडते, तिथे लोखंड सॅच्युरेट होते (आणखी फ्लक्स फारसा सामावत नाही) आणि करंट जास्त चढतो.

खर्च करण्याआधी रोटर हाताने थोडा-थोडा फिरवत दोन वायरींमधला इंडक्टन्स एलसीआर मीटरने (इंडक्टन्स मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा. आकडा फारसा बदलत नसेल, तर चुंबक पृष्ठभागावर चिकटवलेले असण्याची शक्यता जास्त, आणि मग इंजेक्शनचा भरवसा धरू नका. शिवाय त्याची किणकिण ऐकू येते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : मोटर थंड असताना ठीक चालते, तासाभराने कमी वेगावर डळमळते. का?

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग ८० अंशांनी तापली की तो सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त, आणि ऑब्झर्व्हर अजून जुन्याच आकड्यावर! कमी वेगात बॅक ईएमएफच एवढीशी, की ही चूक तिला गिळून टाकते. वेग वाढवल्यावर डळमळ थांबली तर प्रथम संशय रेझिस्टन्सवर घ्या आणि तापमानानुसार तो दुरुस्त करणारी सोय चालू करा. वेग वाढवूनही ती तशीच राहिली तर करंट सेन्सर तपासा.

प्रश्न : मग रोबोटच्या हातातला एन्कोडर काढून टाकू का?

नको. चार ध्रुवजोड्यांच्या मोटरमध्ये शाफ्टच्या एका फेऱ्यात चार इलेक्ट्रिकल फेरे होतात. ऑब्झर्व्हरचा किंवा इंजेक्शनचा अंदाज इलेक्ट्रिकल फेऱ्यातला कोन सांगेल. त्या चारांपैकी फेरा कोणता, हे सुरू करताना कधीच सांगणार नाही.